इक्रोममामाच्या लेथचा पट्टा

ही गोष्ट घडलेली आहे. तुम्ही विश्वास ठेवला नाहीत तरी चालेल, मी ठेवून पस्तावलोय.

वेळ रात्रीची नाही. मागच्या जुलैतली भर दुपार, कोकंद शहर. त्या उन्हात आमच्याकडे भुतंसुद्धा झोपतात.

आजोबा झोपले नाहीत.

आजोबा म्हणजे उस्ता नेमत, पाळणे करणारे कारागीर. त्यांना जाऊन चाळीस दिवस झाले होते. आमच्या रीतीप्रमाणे धाकटा म्हणून घर, कारखाना आणि म्हातारपणीचे आजोबा, तिन्ही इक्रोममामाच्या वाट्याला आले. नऊ वर्षं त्यानं त्यांना भरवलं, आंघोळ घातली. थोरला सोबितमामा तेव्हा रशियात फरश्या बसवत होता आणि सणासुदीला फोनवर रडत होता.

इक्रोममामाच्या लेकीला पहिली मुलगी झाली. पाळणा माहेरून जातो. रविवारी न्यायचा होता. पाळणेवाल्यानं बाजारातला पाळणा विकत नेला, तर गावात तोंड दाखवायला जागा उरत नाही.

आणि गुरुवारी लाकूड कातायचं लेथ बंद पडलं.

ते आजोबांनीच घरी जोडलेलं. मोटर आजीच्या कपडे धुण्याच्या यंत्राची. मोटर फिरत होती, लाकूड फिरत नव्हतं. मामानं नवा पट्टा घातला, दोन्ही पुली एका रेषेत आणल्या, बोल्ट कसले आणि जेवायला गेला.

परत आला तर...

पट्टा भिंतीवरच्या खिळ्याला. बोल्ट चहाच्या वाटीत, तेलात बुडवलेले.

बोल्ट असे ठेवणारा त्या घरात एकच माणूस होता.

"तू आत गेली होतीस?" त्यानं मामीला विचारलं.

"मी? तिथल्या भुशानं मला शिंका येतात हे लग्नापासून सांगतेय. आज ऐकलंत वाटतं!"

शुक्रवारी तेच झालं.

शनिवारी मामानं बेअरिंगही बदललं, पट्टा चढवला आणि समोर स्टूल टाकून बसला. उपटलेला प्लग हातात.

अडीच वाजले.

छपरावरची कबुतरं गप्प झाली...

कुणीतरी खोकलं...

बोल्ट फिरू लागले. एकेक करून सैल झाले. पट्टा उतरला, हवेतून संथ गेला आणि खिळ्यावर जाऊन बसला.

"बाबा," मामाचा आवाज फाटला, "तुमच्या पणतीचा पाळणा आहे. नऊ वर्षं मी तुमचं..."



तेवढ्यात सोबितमामा बगलेत खरबूज घेऊन आला.

"काय रे, दोन बोल्टचं काम अन् तीन दिवस? सरक."

"दादा, हात नको लावू."

"अरे, खातंय का ते मला?"

त्यानं खरबूज ठेवलं आणि गंमत म्हणून लाकडाला पटाशी टेकवली...

लेथ सुरू झालं.

पट्टा खिळ्यावर. प्लग इक्रोममामाच्या मुठीत.

सोबितमामाला उभ्या आयुष्यात साधं लाटणं कातता आलं नव्हतं. त्याच्या पटाशीखालून आता लांबच लांब ढलप्या निघत होत्या. तो पांढराफटक पडला होता.

"इक्रोम... मी नाही करत रे. कुणीतरी हात धरलेत माझे."

संध्याकाळपर्यंत पाळण्याचे सगळे दांडे झाले. शेवटी बाळाची शू जायची लाकडी नळीसुद्धा. मुलाची वेगळी असते, मुलीची वेगळी. सोबितमामाला हे ठाऊकच नव्हतं. नळी बरोबर मुलीची निघाली.

रविवारी पाळणा निघायच्या आधी पाहुण्यांनी सोबितमामाची पाठ थोपटली. "बापाचा हात उतरलाय हो याच्यात!" इक्रोममामा पुलाव वाढत होता.

रात्री तो मला एवढंच म्हणाला, "शिकवताना मला फटके मारायचे. हात कधी धरला नाही."

आता तो रोज दुपारी पट्टा काढून ठेवतो, लाकडाला पटाशी टेकवतो आणि दोन्ही हात सैल सोडून उभा राहतो. तासभर. मग जेवायला जातो.

परवा तो जेवत होता तेव्हा मी आत गेलो. उगाच. पटाशी उचलली, हात सैल सोडले...

माझ्या हातांवर आलेली बोटं गार होती. तेलकट.

मामाला मी हे सांगितलेलं नाही.