आक्काचे पाय

"खाली बसव तिला. आधी खाली बसव." साईनाथ दारातूनच ओरडला, आणि मंजुश्रीचा खांदा धरून थरथरत उभी राहिलेली त्याची थोरली बहीण जयाबाई मटकन पलंगावर बसली. यकृतातली कॅन्सरची गाठ काढून नणंदेला घरी आणल्यापासून मंजुश्री तिला रोज अशीच उठवायची. आज ते नवऱ्याने पाहिलं.

"पोट फाडून आलेल्या बाईला चालवतीस? तुला काळीज हाय का न्हाय?"

मंजुश्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. आक्का दिसते भरलेली, पण ती नुसती चरबी आहे, मांड्यांतलं मांस केव्हाच झडलंय, चालवलं नाही तर ती अंथरूण धरेल... डॉक्टरांचं हे बोलणं त्याला कितीदा सांगायचं? याच आक्कानं वडगावात हातमागावर लुगडी विणून, स्वतःच्या लग्नाचं नावही न काढता, आईवेगळ्या भावाला वाढवलं होतं. नोकरी लागताच त्याने माग विकला. "आता तू फकस्त बसून खायाचं," म्हणाला. आक्का बसली ती बसलीच. त्याने हौसेनं आणलेला खव्याचा गोड कुंदा खाऊन ती सुटत गेली, आणि हा वेडा कौतुकाने सांगत सुटला, आमच्या आक्कानं बाळसं धरलंय!

त्या दिवसापासून त्याने बायकोला पलंगाजवळ फिरकू दिलं नाही. आक्काला तो निजवूनच पेज भरवू लागला. बघता बघता तिच्या छातीत कफ दाटला आणि पुन्हा दवाखाना गाठावा लागला.

"गाठ परत आलेली नाही," डॉक्टर हळूच म्हणाले, "पण कफ खोकून काढायचंही बळ त्यांच्यात उरलेलं नाही. आता फार आशा धरू नका."

साईनाथ भिंतीला टेकला. "मंजू, मीच बसवलं गं तिला..."

त्याच्यावर रागवावं एवढंही त्राण मंजुश्रीत नव्हतं. तिला नुसतं रडू येत होतं. चादरीखाली आक्काचे पाय हलत होते, आधी एक, मग दुसरा, मागाच्या पावड्या दाबाव्यात तसे. मंजुश्रीने नवऱ्याचे दोन्ही हात ओढून आक्काच्या तळपायांना टेकवले.

"मंजूला बोलू नगंस रं," आक्का पुटपुटली. "तीच मला उभी करायची."

"न्हाय बोलत. दाब, आक्का."

आक्काने सगळा जीव पायांत आणला. साईनाथचे तळहात तसूभरही हलले नाहीत, हे मंजुश्रीला स्पष्ट दिसलं.

"लई जोर हाय की अजून," तो म्हणाला, आणि त्याने आपणच हात मागे सरकवले.