दमा आहे का?

"मॅडम, लवकर या! डॉक्टरला जिता सोडत न्हाईत ही माणसं!"

हवालदार भिमाचा आवाज फोनवर कापत होता. सहायक पोलीस निरीक्षक संघप्रिया बनसोडे पोहोचल्या, तेव्हा सोलापुरातल्या त्या लहानशा रुग्णालयाच्या काचा पायऱ्यांवर विखुरल्या होत्या. आत वळसंगचे सिद्रामप्पा पांढऱ्या चादरीखाली निपचित पडले होते. बाहेर त्यांचा पुतण्या अमरेश ओरडत होता, "इंजेक्शन दिलं आणि माझा काका तडफडून गेला!"

डॉ. सिद्धांत कोपऱ्यातल्या खोलीत बसला होता. तरुण पोरगा. ओठ पांढरेफटक पडलेले.

"कसलं इंजेक्शन?"

"अ‍ॅडेनोसिन. त्यांचं हृदय भरधाव पळत होतं, रक्तदाब उतरत होता. हे औषध शिरेतून झटक्यात द्यावं लागतं. क्षणभर ठोका थांबल्यासारखा होतो, मग ताल जागेवर येतो."

"मग मेले कसे?"

"श्वासनळ्या आवळल्या. दम्याच्या माणसाला हे औषध जिवावर बेततं. म्हणून मी टोचण्याआधी विचारलं होतं, दमा आहे का? त्यांना बोलवत नव्हतं. पुतण्या ठाम म्हणाला, नाही. छातीही ऐकली, दम्याची शिट्टी नव्हती."

संघप्रियांनी अमरेशला आत बोलावलं. शहरात त्याचं औषधांचं दुकान होतं.

"डॉक्टरांनी दम्याचं विचारलं?"

"विचारलं. पण मला काय माहीत? मी इथं, काका वळसंगला. सणासुदीला भेट."

"आज कसं आणलंत?"

"माझ्या गाडीतनं. गावाकडं गेलो होतो, काकांची छाती धडधडायला लागली. रस्त्याचं काम चालू आहे, धुरळा लई. काचा वर केल्या, त्यांच्या तोंडावर ओला रुमाल धरला. एवढं जपून आणलं, आणि ह्यानं मारलं की! अटक करा त्याला. फक्त चिरफाड नको. आज संध्याकाळच्या आत माती झाली पाहिजे."

संघप्रिया म्हणाल्या, "चिरफाड होणारच."

तेवढ्यात मागच्या गाडीने ईरम्मा आल्या. नवऱ्याच्या पायाला हात लावून बसल्या. रडू फुटत नव्हतं. संघप्रिया त्यांच्याजवळ जमिनीवरच टेकल्या.

"मावशी, त्यांना दमा होता?"

"व्हय की. खिशात पंप असायचाच. त्याबिगार उंबऱ्याभाईर पाय टाकत न्हवते."

परिचारिकेने काढून ठेवलेले कपडे संघप्रियांनी तपासले. चष्मा होता, विभूतीची डबी होती. पंप नव्हता.

"तुम्ही बरोबर का नाही आलात?"

"अमरेश म्हनला, तू मागनं ये. मागल्या साली बी त्योच घेऊन गेल्ता, सोलापूरच्या वेशीजवळच्या बाईडॉक्टरकडं. मी तवा माहेरी हुते."

"काका-पुतण्याचं बरं होतं ना?"

ईरम्मांनी पदर तोंडाशी धरला. "कालच भांडले. आमच्या मागल्या खोलीत त्याची औषधाची खोकी हायत. ह्येंनी काय बघितलं कुनास ठावं. 'पोलिसात जातो' म्हनले."

संघप्रियांनी भिमाला वळसंगला धाडलं आणि स्वतः वेशीजवळच्या डॉ. राजेश्वरींना गाठलं. परत आल्या तेव्हा दारातली गर्दी वाढली होती. त्यांनी सगळ्यांसमोर अमरेशला उभं केलं.

"वळसंगहून येताना डॉ. राजेश्वरींचा, काकांचा नेहमीचा दवाखाना आधी लागतो. तो ओलांडून इथं का आलास?"

"हितं सोय चांगली."

"तिथं काकांना ओळखतात, म्हणून. मागल्या वर्षी तिथं अशाच धडधडीवर हेच इंजेक्शन दिल्यावर त्यांचा श्वास कोंडला होता. जेमतेम वाचले. डॉ. राजेश्वरींनी शेजारी उभ्या माणसाला बजावलं होतं, यांना दमा आहे, हे औषध पुन्हा कधीच द्यायचं नाही. तो माणूस तू होतास. त्या ओळखतात तुला."

अमरेश हसायला गेला. "विसरलो असेन."

"विसरलास? धुरळ्यासाठी काचा लावल्यास, ओला रुमाल धरलास. रस्त्यात दम्याने गेले असते तर दोष तुझ्यावर आला असता. तुला ते डॉक्टरच्या सुईने जायला हवे होते. काकूंना मागे ठेवलंस, कारण त्यांनी एका शब्दात खरं सांगितलं असतं. आणि पंप आत्ताच तुझ्या गाडीच्या सीटखाली सापडला. भिमाचा फोनही आलाय. खोक्यांवरच्या तारखा पुसून नव्या छापल्यात. मुदत संपलेली औषधं विकत होतास तू. ते काकांना कळलं होतं."

मघाशी दगड उचललेल्या माणसाने तो हळूच खाली ठेवला.

ईरम्मा भिंतीला धरून उठल्या. आईबाप गेल्यावर या पोराला त्यांनीच वाढवलं होतं.

"याको, अमरेश?" त्यांनी घरच्या कानडीत विचारलं. का रे?

अमरेशने मान वर केली नाही. "ते ऐकतच नव्हते, काकू," तो पुटपुटला. "लई विनवलं. दुकान बंद पडलं असतं."

ईरम्मांनी हात उगारला. तो हवेतूनच खाली आला. मग त्या वळल्या, काचा चुकवत डॉ. सिद्धांतसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"लेकरा, तू इचारलं हुतंस न्हवं?"

त्याने नुसती मान हलवली आणि तोंड झाकून रडू लागला. ईरम्मांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तेव्हा कुठे त्यांना रडू आलं.