रोज पहाटे भांडायला

"उठा."

बाकावरच्या माणसानं मान वर केली नाही. हात घट्ट गुंफलेले, डोळे मिटलेले, ओठ हलताहेत... येसुलनं हातातली ओली छत्री त्याच्या रबरी बुटांवर ठिबकू दिली. मुद्दामच.

"अहो, तुम्हालाच सांगतेय. उठा. ही माझ्या आईची जागा आहे."

त्यानं एक डोळा उघडला. एकच. "नाव घातलंय का बाकावर?"

"मी शाळेत जात नव्हते तेव्हापासून ती इथं बसते."

"मग कुठंय ती?"

"अंथरुणावर," येसुल म्हणाली आणि तिचा आवाज नको तेवढा चढला. पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी वळून पाहिलं. "झालं समाधान? आता उठा."

तो उठला नाही, पण भिंतीकडे सरकला. "बसा. हीटरची ऊब एवढ्याच कोपऱ्यात येते हो. मी रात्रभर पाण्यात होतो." त्याच्या अंगाला कालवांचा आणि खाऱ्या चिखलाचा वास येत होता. ती बसली, मध्ये आपली पर्स उभी करून — जणू काही सीमेवरचं कुंपणच!

कोरियातल्या तोंगयंगच्या त्या टेकडीवरच्या ख्रिस्ती देवळात पहाटेच्या प्रार्थनेला येण्याची तिला काडीइतकीही हौस नव्हती. आईला अर्धांगाचा झटका आला तो याच देवळाच्या पायऱ्यांवर, अशाच एका पावसाळी पहाटे. आयुष्यभर जी बाई देवाच्या दारी न चुकता आली, तिला त्यानं दारातच पाडलं! येसुलला दुसरं काही सुचत नव्हतं. ती बंदरावर बोटींची तिकिटं विकायची, दिवसभर लोकांशी गोड बोलायची, आणि आत मात्र भट्टी पेटलेली. आईची जीभ जड झाली होती. दवाखान्यातून घरी आल्यावर तिनं महाप्रयासानं दोनच शब्द उच्चारले होते. "माझी... जागा." डावा हात हलवून दाराकडे दाखवलं होतं. तिच्या जागेवर मुलीनं जाऊन बसावं, एवढंच तिला हवं होतं.

म्हणून येसुल यायची. ओठ शिवून बसायची आणि निघून जायची.

त्या दिवशी पाळकांनी खूण केली आणि सगळी मंडळी तीन वेळा ओरडली — "प्रभू! प्रभू! प्रभू!" मग एकच गलका उसळला. ज्याची त्याची प्रार्थना, ज्याच्या त्याच्या आवाजात, सगळ्यांची एकदम. शेजारचा माणूस तर चक्क ओरडत होता. "किती वेळा सांगायचं तुला? ऐकू येत नाही का? वर्षभर वाढवलेली कालवं तू एका उन्हाळ्यात उकडून काढलीस! काय मिळालं तुला? सांग की!"

येसुलनं दचकून त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या बंद पापण्या ओल्या होत्या आणि जबडा रागानं थरथरत होता.

बाहेर पायऱ्यांवर तिनं त्याला गाठलं. "अशी करतात प्रार्थना?"

"मग कशी करतात?"

"मला काय माहीत? मी करतच नाही. पण देवाशी असं... सासऱ्याशी भांडल्यासारखं?"

तो हसला. हसताना त्याच्या एका गालाला खळी पडली आणि येसुलला उगीचच त्याचाही राग आला. "सासरा अजून मिळायचाय," तो म्हणाला. "माझं नाव दोगिल. मुळ्याच्या पाल्याचं सूप पिणार? खाली सोहो बाजारात आत्ता वाफाळतं मिळेल."

"नाही."

"पैसे मी देतो."

"तरी नाही."

तिसऱ्या खेपेला ती गेली. फार थंडी होती, म्हणून. असं ती स्वतःला सांगत होती.

सूपवाल्या बाईच्या अरुंद बाकावर गुडघ्याला गुडघा लागत होता. दोगिलनं सुपात भात कालवला आणि तोंड भरलेलं असतानाच विचारलं, "रोज येतेस आणि बोलत नाहीस. मग येतेस कशाला?"

अहो-जाहो कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

"आईसाठी. आणि त्याच्याशी मी बोलणार नाहीये. माझा अबोला आहे."

"हे सांगितलंस त्याला?"

"काय?"

"अबोला आहे, हे. नाहीतर त्याला कसं कळणार? तुला वाटतं तू रुसलीयेस, त्याला वाटत असेल तू पेंगतेयस."

ती हसणार नव्हती. ओठ दाबून धरले, पण सूप नाकात गेलं आणि ठसका लागला. त्यानं पाण्याचा पेला पुढे केला... बोटं क्षणभर बोटांना लागली. त्याचा तळवा कालवांच्या शिंपल्यांनी जागोजाग कापलेला होता.

"रोज एक वाक्य," तो म्हणाला. "एकच. गोड नको, खरं हवं. पोटात राग आहे ना? मग तोच घेऊन ये. रिकाम्या हातानं येऊ नकोस, बस."

दुसऱ्या पहाटे, त्या सगळ्या गलक्याच्या आडोशाला, येसुलनं आयुष्यातली पहिली प्रार्थना केली. "मी तुझ्याशी बोलणार नाहीये." पुटपुटली आणि कानशिलं गरम झाली. त्याच्या पुढच्या पहाटे म्हणाली, "तिनं तुझं काय बिघडवलं होतं?" मग एका वाक्याची दोन झाली, दोनाची दहा. फेब्रुवारी सरला, उतारावरच्या कामेलियाच्या फुलांचा लाल सडा पायऱ्यांवर पडू लागला आणि येसुलला गजराची गरज उरली नाही. पाच वाजायच्या आत डोळे आपसूक उघडायचे. अंगात आळस असायचा, डोक्यात राग असायचा, पण पाय मात्र चढणीला लागायचे. त्या चढणीच्या शेवटी रबरी बूट असायचे, हेही खरं.

"आज काय बोललीस त्याला?" दोगिल विचारायचा.

"तुला का सांगू?"

"माझी चुगली केलीस?"

"तुझ्यासाठी वेळ कुठं होता?" ती म्हणायची आणि चमचा जोरात आपटायची, म्हणजे मनातलं चेहऱ्यावर दिसू नये.

पर्सचं कुंपण आता बाकाच्या खाली गेलं होतं.

आणि मग मेंगबाई बोलल्या.

मेंगबाई म्हणजे मंडळीतल्या सगळ्यात जुन्या, पहिल्या रांगेत बसणाऱ्या, ज्यांच्या शब्दापुढं पाळकसुद्धा मान तुकवायचे. त्या सकाळी प्रार्थना संपल्यावर बायका येसुलभोवती जमल्या होत्या. आई कशी आहे, हात हलतो का, अशी विचारपूस चालली होती. मेंगबाईंनी येसुलचा हात हातात घेतला, थोपटला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा मऊ आवाजात म्हणाल्या, "पोरी, मनापासून मागितलं असतंस तर आई एव्हाना उठून बसली असती. तुझ्या प्रार्थनेत विश्वास नाही. आणि झटका काय उगाच येतो? घरात काहीतरी लपलेलं पाप असणार. आईला विचार, कबूल कर म्हणावं."

येसुलनं हात हिसकावून घेतला.

"माझी आई तुमच्या नवऱ्याच्या आजारपणात महिनाभर दवाखान्यात बसली होती," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. "तेव्हा कुणाचं पाप होतं, मेंगबाई? तुमचं का त्यांचं? आईच्या ओठातून लाळ गळते, मी पुसते. तिला कबूल करायला जीभ तरी वळते का? या एकदा घरी आणि बघा, मग बोला पापाबिपाच्या गोष्टी!"

येसुलनं वळून दोगिलकडे पाहिलं. तो हाकेच्या अंतरावर उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. रोज देवालासुद्धा जाब विचारणारा हा माणूस... आता बोलेल. एक शब्द तरी.

दोगिल आपल्या बुटांकडे बघत होता.

मेंगबाईंनी शाल सावरली. "दोगिल, चल. छत्री घे. असल्या तोंडाळ मुलींच्या नादी लागायचं नाही."

"हो, आत्या," दोगिल म्हणाला.

आत्या!

येसुल पायऱ्या उतरली ती जवळजवळ पळतच. ज्या पायऱ्यांवर आई पडली त्याच पायऱ्यांवर तिलाही भोवळ आल्यासारखं झालं. मला माहीतच नव्हतं... एवढे दिवस सूप पिताना एकदाही म्हणाला नाही हा! आणि आत्या असो नाहीतर सम्राज्ञी, तोंडाला काय कुलूप लागलं होतं?

ती देवळात जायची थांबली.

पण पाच वाजायच्या आत डोळे उघडायचेच. उशीत तोंड खुपसून ती पडून राहायची, आणि मग तोंड आपलं आपण सुरू व्हायचं. "झोपू दे मला. आणि त्या बाईला काय बोलायचं ते तू बोल, मी नाही बोलणार. आणि त्याला तर... त्याचं नावच काढू नकोस." अर्धं बोलून झाल्यावर तिच्या लक्षात यायचं की आपण हे कुणाशी बोलतोय. मग त्याचाही संताप. अबोलासुद्धा धड धरता येईना!

एकदा आईचा पडलेला हात कोमट पाण्यानं चोळताना ती अशीच पुटपुटत होती. आईच्या तोंडाचा हलणारा कोपरा वर गेला.

"हसतेस काय?" येसुल चिडली. "तुझ्यासारखं मला नाही जमत शांत बसून, हात जोडून."

"शांत?" आईनं जीभ गोळा केली. एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. "मी... भांडायला... जायचे."

"कुणाशी?"

"त्याच्याशी. तुझा बाप... गेला... तेव्हापासून." ती दम खायला थांबली. "घरात... भांडले असते... तर तू... घाबरली असतीस."

येसुलचा हात पाण्यातच राहिला. मग आईनं डाव्या हाताचं बोट दाराकडे केलं.

त्याच दिवशी दुपारी बंदरावरच्या तिकीटखिडकीपुढच्या रांगेत दोगिल उभा होता.

"कुठं जायचं?" येसुलनं मान वर न करता विचारलं.

"येसुल, माझं जरा ऐक—"

"कुठल्या बेटावर? योक्जी, हान्सान, का बिजिन?"

"मी चुकलो. तिनं मला लहानाचं मोठं केलंय. तिच्यासमोर मी अजूनही दहा वर्षांचा होऊन जातो. तोंडच उघडत नाही."

"देवासमोर उघडतं."

"देव भाकरी बंद करत नाही."

मागच्या म्हाताऱ्यानं काठी आपटली. "अरे बाबा, बोट सुटेल!"

"माफी इथं मिळत नाही," येसुल म्हणाली. "आणि मला नकोच आहे. जिथं बुटांकडे बघत उभा होतास, तिथंच उभा राहून तिला सांग. तेवढ्याच मोठ्यानं. ओळखपत्र द्या, तिकिटाला लागतं."

त्यानं भांबावून ओळखपत्र दिलं. तिनं योक्जीचं तिकीट फाडून खिडकीतून सरकवलं. "पुढचे!"

तो खरंच योक्जीला जाऊन आला. हे तिला नंतर कळलं.

दुसऱ्या पहाटे धुक्यात समुद्र दिसत नव्हता. येसुल चढण चढली, आईच्या जागेवर बसली. पुढे मेंगबाईंची ताठ पाठ. शेजारची जागा रिकामी. सगळे तीनदा ओरडले, गलका उठला, आणि येसुलनं या वेळी पुटपुटायचं सोडून दिलं. घसा फोडून बोलू लागली. आईबद्दल, लाळेबद्दल, बापाबद्दल, त्या ताठ पाठीबद्दल. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. बोलण्यात ती इतकी बुडाली की पाळकांनी थांबण्याची घंटा वाजवलेली तिला ऐकूच आली नाही. सगळे आवाज एकदम थांबले आणि तिचा एकटीचा तेवढा उरला —

"—आणि त्या भित्र्याचं तोंड उघड! कारण मला तो आवडतो, आणि भित्र्याशी मी लग्न करणार नाही!"

येसुलनं डोळे उघडले. हे आपण... मोठ्यानं?

"आमेन," अगदी मागून, दाराजवळून कुणीतरी म्हणालं.

रबरी बूट फरशीवर करकरत पुढे आले. दोगिल पहिल्या रांगेशी थांबला. चेहरा पांढराफटक पडलेला. "आत्या," तो म्हणाला, आणि आवाज फाटला, म्हणून पुन्हा म्हणाला, "आत्या, तू हिच्या आईबद्दल जे बोललीस ते चूक होतं. वाईट होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं मी. तू तिची माफी माग."

मेंगबाईंच्या मानेवर लाल चट्टे उमटले. त्यांनी पवित्र शास्त्र पिशवीत कोंबलं. "घरी ये. मग बघते तुझ्याकडे."

"येईन. घरीही हेच बोलेन."

मेंगबाई उठल्या आणि कुणाकडेही न बघता निघून गेल्या. माफी त्यांनी त्या दिवशी मागितली नाही. पाळक चष्मा पुसत राहिले.

बाहेर धुक्यातून बारीक पाऊस सुरू झाला होता. दोगिल कठड्याला धरून उभा होता. येसुलनं छत्री त्याच्या डोक्यावर धरली. धरली, पण कपाळावरची आठी तशीच ठेवून.

"अजून राग आहे?" त्यानं विचारलं.

"खूप."

"आणि ते... लग्नाचं काय म्हणालीस?"

"ते तुझ्याशी नव्हते बोलत. त्याच्याशी बोलत होते."

"मग? तो काय म्हणाला?"

त्याच्या पापण्यांवर पावसाचे थेंब होते. गालाची खळी उमटू की नको, अशी थबकली होती. येसुलनं त्याची ओली बाही चिमटीत पकडली आणि त्याला छत्रीखाली आत ओढलं.

"अजून काही म्हणाला नाही," ती म्हणाली. "उद्या परत विचारीन."

"मी पण येतो विचारायला."

"ये. पण शेजारी बस. मागून आमेन ओरडायचं नाही."