कर्नललाच विचारायचं

शेलूबाजारहून किन्हीराजाच्या जीपमध्ये रूपा चढली, तेव्हा समोरच्या बाकावर एक जण गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी मांडीवर घेऊन बसला होता. खड्डा आला की तो ते छातीशी धरायचा. शेजारची म्हातारी कौतुकानं म्हणाली, "लेकरू लय शांत हाय वो तुमचं!"

"कम्प्युटर हाय आजी," तो म्हणाला... आणि तो आवाज ऐकून रूपानं चमकून वर पाहिलं.

संघदीप! वाशीमच्या कॉलेजात तीन वर्षं तिच्या मागच्या बाकावर बसणारा. काही बोलायचं असलं की पेन टिकटिक वाजवायचा आणि बोलायचा मात्र नाही. ती टिकटिक पुण्याच्या ऑफिसातही कितीदा तरी तिला आठवायची.

"तू... कवा आली?"

"काल. रविवारी अकोल्याचे पाहुणे येऊन राह्यले. मले पाहाले."

"अस्सं," म्हणून त्यानं गोधडीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

गावात उतरल्यावर घरी न जाता ती त्याच्या मागोमाग विहारातल्या अभ्यासिकेत गेली. 'बघते जरा' हे निमित्त. लोकांनी दिलेले पाच जुने कम्प्युटर तिथं मांडलेले होते आणि त्यांवर संघदीपनंच लिहिलेली सराव-परीक्षा चालायची. गोधडीतला सहावा मात्र ती परीक्षा उघडेचना.

"याच्यात दम नाई," तो म्हणाला. "एकाचे उत्तरं दुसऱ्याले दिसू नये म्हनून कुलूप लावा लागते. ते लावते कर्नल, मशीनीतला मुख्य कारभारी. याचा कर्नल जुना हाय."

"कर्नलनं सांगतलं तुले, कुलूप नाई म्हनून?"

"त्याच्या व्हर्जनचा नंबर पायला ना! माहा प्रोग्राम पयले नंबर पायते. जुना दिसला का तिथूनच वापस."

रूपाला हसू आवरेना. पुण्यात तिचं रोजचं काम हेच. "अरे, बनवनारे कितीदा नंबर जुनाच ठेवतात अन् नवी सोय आत घालून देतात. नंबर पाहून कायले ठरवतं? त्यालेच विचार, कुलूप हाय का. हाय म्हनलं त लाव. नाई म्हनलं त दुसरी वाट. विचारल्यानं काई मशीन जळत नाई."

त्यानं चार ओळी बदलल्या. ती इतकी जवळ वाकली होती की तिच्या वेणीचं टोक त्याच्या मनगटाला लागलं आणि बिचाऱ्याची पाचवी ओळ चुकली. ती तिनं सुधारली. कर्नलनं मुकाट्यानं 'आहे' म्हणून सांगितलं आणि परीक्षा सुरू झाली.

आता निघायला हवं होतं. ती निघाली नाही.

"संघदीप... मी पुण्याले गेली त्या दिवशी वाशीमच्या स्टँडवर तू माही पेटी चढवून देली. शेंगाची पुडी देली. मी खिडकीत वाट पाहून राह्यली होती. अन् तू म्हनलं काय, तर 'पोचल्यावर मेसेज कर'! काहून?"

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. याची तर पाच वर्षं झाकलेली. तो खाली मान घालून म्हणाला, "तुले पुण्याची नोकरी. मी इथं रिपेरिंगवाला. वाटलं, नाईच म्हनशीन."

"म्हंजे नंबर पायला अन् वापस गेला."

त्यानं टेबलावरचं पेन उचललं. मग टिकटिक... टिकटिक... रूपानं हात पुढे करून पेन काढून घेतलं. तिला रडू येत होतं आणि रागही.

"रूपा," तो अखेर म्हणाला, "रविवारी... माय-बाबाले घेऊन मी आलो त चालन?"

तिनं मोबाईल काढला आणि त्याच्यासमोरच घरी लावला.

"आई, अकोल्याच्या लोकायले नाई म्हनून कळवजो. हो, आजच... अन् रविवारचे पोहे तेवढेच भिजव. पाहुणे येनारच हायेत, गावातलेच."