हाड अंतिम

दुर्गानं मनगट यंत्राच्या खोबणीत ठेवलं, मुंगी चावल्यासारखं झालं आणि पडद्यावर आकडा उमटला : एकोणीस.

दुर्गा चौदा वर्षांची होती. हे तिची आई शेवंता धोत्रे हिला पक्कं ठाऊक होतं, कारण बाळंतपण तिचं झालं होतं, खो-खो मंडळाच्या सचिवांचं नव्हे. पण सचिव नाडगौडांनी जन्मदाखल्याची घडीसुद्धा उलगडली नाही.

"कागद खोटा असतो, बाई. हाड खोटं बोलत नाही. पंधरा वर्षांखालच्या संघात एकोणिसाची पोरगी घुसवता? दहा दिवसांनी सुनावणी. वयचोरी ठरली की जन्मभर बंदी."

यंदाच्या पाडव्यापासून सरकारनं हा नवा नियम आणला होता. खोट्या दाखल्यांना सगळेच विटले होते. म्हणून शाळा, नोकरी, खेळ, पेन्शन, जिथं जिथं वय लागतं तिथं तिथं अस्थिघटिका बसवायची. अस्थिघटिका म्हणजे हाडातल्या पेशी तपासून वय सांगणारं यंत्र. नियम एका ओळीचा होता : हाड अंतिम. लोकांनीही टाळ्या वाजवल्या, कारण आपलं हाड वेगळं काही सांगेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

दुर्गा घरी आली ती खदानीजवळच्या माळावर जाऊन बसली. तिथं तिनं स्वतः रोवलेले खो-खोचे दोन खांब होते. पोर त्या खांबांकडं पाठ करून बसलेली शेवंतानं बघितली. रडून काही होत नाही हे दगड फोडणाऱ्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी तिनं खाडा केला, दोन एस्ट्या बदलल्या आणि ज्यांनी ते यंत्र घडवलं त्या डॉ. शर्वरी गुमास्ते यांच्या प्रयोगशाळेत जाऊन उभी राहिली.

"डॉक्टरबाई, तुमचं घड्याळ पाच वर्सं फुडं हाय."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी दुर्गाचा अहवाल मागवून घेतला आणि बराच वेळ वाचला. मग विचारलं, "ही पोटात होती तेव्हा तुम्ही काय करत होता?"

"दगड फोडत हुते. नववा सरंपर्यंत. दुसरं काय करनार?"

"खायला?"

"मिळंल ते."

डॉक्टरबाईंनी खुर्ची पुढं ओढली. "शेवंताबाई, दगड फोडायच्या आधी तुम्ही त्याच्यावर गेरूची खूण करता ना?"

"करतो की. खूण जिथं, तिथनंच फुटतो त्यो."

"माणसाचंही तसंच असतं. आईबापांकडून आलेली जनुकं म्हणजे दगड, ती बदलत नाहीत. पण त्यांच्यावर आयुष्य बारीक बारीक रासायनिक खुणा करत जातं. कुठलं जनुक चालू राहणार आणि कुठलं गप्प बसणार, ते या खुणा ठरवतात. वय वाढतं तशा खुणा वाढतात, म्हणून त्या मोजून यंत्र वय सांगतं. पण उपास, अपुरी झोप, रोजची धास्ती, यांच्याही खुणा तिथंच पडतात. आईच्या पोटात असल्यापासून पडतात. हाड भरणारी जनुकं त्या खुणांमुळं गप्प होतात. म्हणून तुमची मुलगी चौदाची आणि तिचं हाड एकोणिसाचं."

कुणी थोबाडीत मारावी तसं शेवंताला झालं. "म्हंजी मीच तिला जल्माआदी म्हातारं केलं?"

"तुम्ही नाही. तुम्हाला नवव्या महिन्यात ज्यांनी दगडावर बसवलं, त्यांनी. आणि चूक माझीही आहे. यंत्राला शिकवताना मी शहरातल्या शाळांमधल्या मुलांची हाडं घेतली. दूध पिणारी, रात्रभर झोपणारी. वाटलं, मुलं म्हणजे अशीच असतात. मी मंडळाला तसं पत्र लिहीन, पण ते ऐकणार नाहीत. नियमच आहे, हाड अंतिम."

"ह्यो नेम निस्ता खो-खोला हाय का समद्याला?"

"सगळ्याला."

शेवंतानं आपला उजवा हात टेबलावर ठेवला. "मग माजं बी बघा."

शेवंताचं वय अडतीस होतं. आकडा आला चौसष्ट.

सुनावणीच्या दिवशी शेवंता एकटी आली नाही. खदानीवरच्या एकेचाळीस बायका तिच्यामागं जिना चढून आल्या आणि प्रत्येकीच्या हातात अस्थिघटिकेची चिठ्ठी होती. त्रेचाळीस वर्षांच्या गंगव्वाची चिठ्ठी अठ्ठ्याहत्तर सांगत होती, म्हणून बाकीच्या तिला वाटभर आजी म्हणून चिडवत होत्या.

"सायेब," शेवंता म्हणाली, "माजी पोरगी एकोणीसची. कबूल. हाड खोटं बोलत न्हाई. मग आमी बी समद्या साठीच्या वर. आजपासनं आमची पेन्शन सुरू करा. अन् म्हातारीला दगड फोडायला लावनं गुन्हा हाय म्हनं, तवा मुकादमावर खटला बी भरा."

नाडगौडा आधी हसले, मग त्यांनी चिठ्ठ्या चाळल्या आणि त्यांचं हसू मावळलं. "हे... हे खो-खोचं मंडळ आहे, बाई."

"नेम सरकारचा हाय. तुमीच दावलाय."

ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. वीटभट्ट्यांवरून, उसाच्या फडांवरून, मिठागरांवरून बाया-बापे गावोगावच्या यंत्रांपुढं रांगा लावू लागले. राज्यातली निम्मी कष्टकरी माणसं एका आठवड्यात म्हातारी झाली. सरकारनं हिशेब मांडला आणि त्याला घाम फुटला. नवव्या दिवशी नियम बदलला : जन्मनोंद अंतिम.

दुर्गा पुन्हा चौदाची झाली आणि अंतिम सामन्यात उतरली. शेवटची दोन मिनिटं ती एकटीच मैदानात उरली होती. तिनं हुलकावण्या देऊन तीन पाठलागकरणींना दमवलं, खांबाला वळसा घातला आणि शिट्टी होईपर्यंत कुणाच्या हाताला लागली नाही. गंगव्वानं डोक्यावरचा पदर कमरेला खोचून प्रेक्षकांतच फुगडी घातली. शेवंता मात्र मनसोक्त रडली. आता रडायला हरकत नव्हती.

दुर्गाला क्रीडा वसतिगृहात जागा मिळाली. वर्षानं डॉक्टरबाईंनी मायलेकींना बोलावून घेतलं. दुर्गा आता पंधराची झाली होती. यंत्रानं आकडा दाखवला : सतरा.

"उतरलं!" डॉक्टरबाई लहान मुलीसारख्या ओरडल्या. "वीस व्हायला हवं होतं, ते सतरावर आलं! खुणा पुसतात, शेवंताबाई. गेरूसारख्या पुसतात!"

शेवंतानं लेकीच्या मनगटावरून हात फिरवला. "काय औशद दिलं वो?"

"औषध कसलं! दूध, अंडी, पोटभर जेवण, आठ तास झोप. आणि उद्याची धास्ती नाही. बस्स, एवढंच."

"अन् माज्या वयाच्या बाईला लागू पडंल?"

"थोडं कमी. पण पडेल."

"म्हंजी औशद सापडलंय."

"सापडलंय."

शेवंतानं उठून खिडकी उघडली. दुर्गाचा आकडा ऐकायला आलेल्या खदानीवरच्या बायका खाली अंगणात दाटीवाटीनं उभ्या होत्या.

"मग ते आमाला कवा मिळनार, येवढंच सांगा. चाळीस जणी हायेत. गंगव्वा गेल्या म्हैन्यात गेली. खुब्याचं हाड मोडलं न् उठलीच न्हाई."