मंगळवारची मोजणी

द्राक्षमळ्यांत वाट चुकत चुकत कासिल्दा सतरा नंबरच्या बोअरपाशी पोहोचली, तेव्हा बोअरचा तरुण मालक एलॉय सावलीत खरबूज कापत बसला होता. पाणी मोजायला आलेय, असं तिने सांगितलं. त्याने आधी एक फोड पुढे केली.

स्पेनमधल्या ला मांचाच्या या भागात जमिनीखाली किती पाणी आहे, कुणी किती उपसलं तर ते किती उतरेल, याचं मॉडेल तिच्या संगणकात होतं. त्यावरूनच गावाचं पाणीमंडळ प्रत्येक मळ्याचा वाटा ठरवी. सोळा बोअर मॉडेलशी जुळले होते. सतराव्यात पाणी मॉडेलपेक्षा तीन मीटर खाली निघालं.

"कालपासून मोटर बंद आहे ना?" तिने विचारलं. मोटर चालली की पाणी उतरतं आणि मोजणी खोटी ठरते.

"बंदच की. पुढच्या मंगळवारी परत बघ... पाणी लहरी असतं."

पुढच्या मंगळवारी पुन्हा तीन मीटर. त्यानंतरच्या दोन्ही मंगळवारी तेच. त्या बोअरने तिला वेड लावलं. खाली खडकाला चीर असेल? कुणी चोरून उपसत असेल? जेवताना, गाडी चालवताना तिच्या डोक्यात तेच घोळे, आणि सोमवारी ती आठवणीने केस धुई. बोअरसाठी केस कोण धुतं, हे तिला कुणी विचारलं नाही म्हणून बरं.

इकडे मॉडेलने त्या चार नोंदींवर भाबडेपणाने विश्वास ठेवला. उन्हाळ्यात सगळ्यांच्या पाण्याचा पाचवा हिस्सा कापावा लागेल, असं ते सांगू लागलं. शुक्रवारी मंडळाची बैठक होती. म्हणून गुरुवारी ती न सांगता आली, मापाची फीत बोअरमध्ये सोडली, आणि पाणी मॉडेल सुरुवातीला म्हणत होतं तिथेच लागलं.

मागे एलॉय उभा होता. चोराच्या मनात चांदणं!

"मंगळवारी मोटर कधी बंद करतोस?"

"पहिल्या दिवशी सहजच चालू राहिली होती. नंतर मुद्दाम... तुझी गाडी वळणावर दिसली की बंद."

"का?"

"आकडा जुळला असता तर... तू परत कशाला आली असतीस?"

तिला राग आला, आणि इतकं छानही वाटलं की तो राग धड टिकेना. पण नोंदी रद्द करायच्या तर मालकाने भर बैठकीत कारण सांगावं, असा मंडळाचा नियम होता.

शुक्रवारी एलॉय उठला. कान लालबुंद. "मोटर मी चालवत होतो. ही परत यावी म्हणून."

मंडळाचे प्रमुख फर्मिनकाका त्याच्याकडे बघतच राहिले. "लेका, सरळ जेवायला बोलवायचंस. आमचे मळे कशाला वाळवतोस?"

सगळे हसले. कासिल्दाने चार नोंदी पुसल्या, आणि गावाचं पाणी वाचलं. पण काका आता तिच्याकडे वळले. उन्हात बोअरचा नळ तापलेला असतो, थंड लागला तर मोटर नुकतीच चाललेली. मोजण्याआधी नळाला हात लावायचा, हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक. मग चार मंगळवार तिचा हात कुठे होता?

"नाही लावला," ती खाली बघत म्हणाली. "थंड लागला असता तर... मला तरी परत कसं येता आलं असतं?"