काकांच्या कानाचं मशीन

ही घटना खरी आहे. घडली माझ्या मावसभावाच्या घरात, आणि तिचा शेवट मी त्या घरात बसून स्वतःच्या कानांनी ऐकला आहे. पटो वा न पटो.

काळीकुट्ट रात्र, ओसाड रस्ता, असलं यात काही नाही.

दुपार होती. तिसऱ्या मजल्यावरचं घर. खाली गोदामांची गल्ली, दिवसभर टेम्पोंची ये-जा. खोलीत पंखा चालू.

मावसभाऊ, मी त्याला दादा म्हणते, कंपनीचा फोन स्पीकरवर टाकून कामाला बसला होता. एका विमा कंपनीसाठी तो घरून काम करतो. लोकांच्या तक्रारी ऐकायच्या, "मी समजू शकतो" म्हणायचं आणि त्या पुढे ढकलायच्या. ऐकण्याचाच पगार मिळतो त्याला.

एक बाई तावातावानं बोलत होत्या.

आणि मग…

त्या मध्येच थांबल्या.

"हॅलो? मॅडम?"

दादाला स्वतःचाच "हॅलो" ऐकू आला नाही.

त्यानं खिडकीतून खाली पाहिलं. टेम्पो धावत होते. एक ड्रायव्हर दुसऱ्याला तोंड वासून शिव्या देत होता. नुसतंच तोंड. वर पंखा गरगर फिरत होता… आवाज नाही. दादानं टेबलावर थाप मारली. हाताला लागली. कानाला नाही.

टेबलावर त्याचा स्वतःचा फोन पडला होता. तो उजळला.

*डावं मशीन जोडलं गेलं.*

*उजवं मशीन जोडलं गेलं.*

दादानं ते दोनदा वाचलं.

ती मशीनं ज्या कानांत असायची, त्या कानांचा धनी जाऊन महिना उलटला होता.

\*

काका, म्हणजे दादाचे वडील, घड्याळं दुरुस्त करायचे. जन्मभर कानाशी टिकटिक धरली आणि म्हातारपणी कानांनीच हात टेकले. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे दवंडी पिटायची. हळूहळू घरातल्यांनी बोलणंच आखडतं घेतलं.

काका विचारायचे, "काय म्हणालास?"

दादा म्हणायचा, "काही नाही."

त्या घरात दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा बोललं जाणारं वाक्य हेच. पुन्हा ओरडून सांगण्यापेक्षा सोपं.

मग काकांच्या वाढदिवसाला दादानं त्यांना कानाचं मशीन भेट दिलं. पाट्या टाकायच्या म्हणून नाही. दुकानं पालथी घातली, काकांना सोबत नेऊन कान तपासून घेतले, आणि फोनला जोडता येणारं चांगलं मशीन निवडलं. काकांचा फोन साधा, बटणांचा. म्हणून जोडणी दादाच्या फोनला केली. फोनवर एक पट्टी दिसायची. बोटानं पुढे ओढली की काकांच्या कानात आवाज वाढायचा, मागे ओढली की कमी व्हायचा.

मशीन बसवून देणाऱ्या ताईंनी निगा समजावून सांगितली. रोज मऊ ब्रशनं पुसायचं. झोपताना काढून सेलचं झाकण उघडं ठेवायचं, म्हणजे मशीन बंद राहतं. ओल धरू नये म्हणून दमटपणा शोषणाऱ्या दाण्यांच्या डबीत ठेवायचं. आणि नवा सेल घालताना त्याचं स्टिकर काढलं की जरा थांबायचं. सेलला हवा लागू द्यायची, मगच आत बसवायचा. घाई केली की सेल दगा देतो.

मशीन काकांनी तान्ह्या पोरासारखं जपलं. सेल बदलायची मावशी, दादाची आई, आणि भिंग लावून तपासायचे काका.

"स्टिकर काढून थांबलीस ना?"

"थांबले हो. लग्नाला होकार देतानासुद्धा एवढी थांबले नव्हते."

"तिथंच चुकलीस."

घरात बऱ्याच दिवसांनी दोघं एकमेकांचं बोलणं ऐकून हसत होती.

पण काकांना ऐकू यायला लागलं, आणि बाकीच्यांची पंचाईत झाली. फ्रिज कण्हतोय, म्हणाले. नळ गळतोय. सूनबाई फोनवर माहेरी माझ्याबद्दल बोलतेय, पण चांगलं बोलतेय, म्हणाले. वहिनीचं तोंड पाहण्यासारखं झालं.

एकदा दादा स्पीकरवर तक्रार ऐकत होता. काका मागून येऊन म्हणाले, "अरे, ती बाई बरोबर बोलतेय. तुम्हीच लबाडी करताय."

पलीकडे बाईंनी ऐकलं. दादाच्या साहेबांनीही ऐकलं.

त्या दिवशी बोलणी खाऊन झाल्यावर दादानं फोन उचलला आणि पट्टी मागे ओढली.

पार शून्यावर.

काका दारात उभे होते. त्यांनी कानाला टिचकी मारली. मशीन काढलं, फुंकर घातली, परत बसवलं.

"काय म्हणालास?"

"काही नाही."

मग अंगठ्याला सवयच लागली. काम सुरू झालं की बंद. पाहुणे आले की बंद. जेवताना काका एखादी जुनी गोष्ट परत सांगायला लागले की टेबलाखाली हात जायचा… बंद. स्वतःचा आवाज ऐकू येईनासा झाला की काका आपोआप गप्प व्हायचे. ताटावरून उठून ब्रश आणि भिंग घेऊन खिडकीशी बसायचे. मशीन पुसायचे, झाकण उघडायचे, लावायचे, परत पुसायचे. आपल्याच निगेत काहीतरी राहतंय, असं त्यांना वाटायचं.

दादाला दिसायचं ते. दिसायचं, आणि तो पोळीचा घास मोडायचा.

एक दिवस पट्टी परत पुढे करायची राहून गेली.

काका खाली उतरले होते. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं पाहिलं… ते रस्त्याच्या कडेला थांबले. एका कानातलं मशीन काढलं. उजेडाकडे धरून, डोळे बारीक करून, सेलचं झाकण उघडायला लागले.

मागून टेम्पो रिव्हर्स येत होता. टीं… टीं… टीं… अख्ख्या गल्लीला ऐकू जात होतं.

दुकानदारानं हाका मारल्या.

एक मशीन कानात होतं, एक मुठीत. दोन्ही शाबूत.

\*

मावशीनं पहिल्या दिवसापासून एकच धरून ठेवलं.

"सेल मीच बदलले होते रे सकाळी. दूध उतू जायला आलं म्हणून घाई केली. स्टिकर काढलं की लगेच घातले. थांबले नाही."

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला हेच. मलासुद्धा. दादा शेजारी बसलेला असायचा. त्यानं एकच वाक्य बोलायचं होतं: आई, दोष सेलचा नव्हता. जिभेच्या टोकापर्यंत यायचं ते. बाहेर पडायचं भलतंच.

"जाऊ दे आई. होतं असं एखाद्याच्या हातून."

म्हणजे चूक तिची ती तिचीच. वर हा माफ करणार.

\*

तर त्या दुपारी दादानं फोन उचलला. पट्टी शून्यावर होती. त्यानं अंगठ्यानं ती पुढे ओढली…

पंखा घरघरला. खालचे हॉर्न आत घुसले. स्पीकरवर बाई म्हणत होत्या, "ऐकताय ना तुम्ही? का भिंतीशी बोलतेय मी?"

दादा काकांच्या कपाटाशी गेला. डबी उघडली. दोन्ही मशीनं दाण्यांवर पडली होती. झाकणं उघडी. आत सेल नव्हते. मावशीनं केव्हाच काढून टाकले होते.

त्यानं डबी बंद केली.

आतून… बारीक शीळ आली.

ज्यांच्या घरात असं मशीन आहे, त्यांना ही शीळ ओळखीची असेल. चालू मशीन कोणी मुठीत धरलं की ते असं वाजतं.

स्वयंपाकघरातून मावशी सवयीनं म्हणाली, "अहो, नीट बसलं नाही ते कानात."

मग भांड्यांचा आवाज थांबला. या वेळी तो खरोखरच थांबला होता. मावशीचे हात थांबले होते.

\*

त्यानंतर हे होतच राहिलं. वेळ ठरलेली नव्हती, पण प्रसंग ठरलेले होते. काम सुरू झालं की. पाहुणे आले की. जेवताना सगळे हसायला लागले की… दादाच्या भोवतालचं सगळं एकदम गप्प. समोर नुसती हलणारी तोंडं. वहिनी दुसऱ्यांदा सांगायची, तिसऱ्यांदा सांगायची, मग हात झटकून उठून जायची. दर वेळी दादा फोन शोधायचा, पट्टी पुढे ओढायचा.

एकदा चिडून त्यानं फोनमधून मशीनचं ॲपच काढून टाकलं.

चूक केली.

गप्प व्हायचं थांबलं नाही. फक्त आता ओढायला पट्टी उरली नाही. आवाज परत यायचा, तो त्याच्या मर्जीनं यायचा. कोणाच्या मर्जीनं, ते दादा मला सांगताना म्हणाला नाही.

शेवटी तो मशीनवाल्या ताईंकडे गेला. त्यांनी कान तपासले. कान ठणठणीत.

"मशीनंही आणली आहेत," तो म्हणाला. "बघता का?"

ताईंनी सेल घालून ती कॉम्प्युटरला जोडली. बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या.

"काकांनी निगा किती छान ठेवली होती हो. जराही बिघाड नाही."

"मग त्या दिवशी…"

"त्या दिवशी आवाज फोनवरून बंद केल्याची नोंद आहे." त्यांनी चष्मा काढला. "जोडणी तुमच्याच फोनला होती ना?"

समोर टेबलावर कानाचा एक प्लॅस्टिकचा मोठा नमुना ठेवला होता. दादा त्याच्याकडे बघत बसला.

"तुमच्या आईंचा मला फोन येतो," ताई म्हणाल्या. "सारखा येतो. स्टिकर काढून थांबलं नाही तर मशीन बंद पडतं का, एवढंच विचारतात. मी सांगते, नाही पडत तसं लगेच. त्यांना वाटतं, मी समजूत घालतेय. आता काय सांगू, तुम्हीच सांगा."

"मी सांगतो तिला."

"आज?"

"आज."

मशीनं परत डबीत ठेवताना ताई जरा थबकल्या. दादाला वाटलं, अजून काहीतरी विचारतील. पण त्या म्हणाल्या, "सेल काढले आहेत मी. तरी वाजतंय का हे?"

\*

संध्याकाळी मावशी पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. त्यात काकांचा एक सदरा होता. कोणी घालत नसला तरी ती तो धुवायची.

दादा खाली जमिनीवर बसला. सांगायला लागला. पट्टी. अंगठा. टेबलाखालचा हात. खिडकीशी बसलेले काका. काही गाळलं नाही. बोलताना एकदाही वर पाहिलं नाही.

"दोष सेलचा नव्हता, आई."

बोलून झालं. पंखा घरघरत होता. त्यानं वर पाहिलं.

मावशीच्या हातात सदरा तसाच होता. तिनं तोंड उघडलं.

आणि पंखा गप्प झाला.

"                    "

मावशी बोलत होती. सावकाश, त्याच्याकडे बघून.

"                                        "

एकदा तिचे डोळे भरले. एकदा, त्याला वाटलं, ती हसली. बोट त्याच्याकडे झालं, मग कपाटाकडे. ओठांवरून काही शब्द लागतोय का, म्हणून दादा गुडघ्यांवर पुढे सरकला. "बाबा" असेल. किंवा "बाहेर" असेल.

"          "

त्यानं फोन काढला. पट्टी नव्हती. मग त्याचा हात आपोआप कानाकडे गेला. त्यानं कानाला टिचकी मारली.

मावशी ते बघून थांबली. बराच वेळ त्याच्या हाताकडे पाहत राहिली. मग सदऱ्याची घडी पूर्ण केली, ढिगावर ठेवली, आणि उठली.

पावलांचा आवाज आला. पंखा आला. खालचा टेम्पो आला.

"आई… काय म्हणालीस?"

मावशी दारात वळली.

"काही नाही."

\*

हे सगळं दादानं मला मागच्या आठवड्यात सांगितलं, त्यांच्याच घरात. सांगताना तो सारखा माझ्या तोंडाकडे बघत होता. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. मावशीनं त्याला माफ केलं की नाही, हे त्याला आजही माहीत नाही. पुन्हा विचारायला तोंड नाही, म्हणतो. ती त्याला वेळेवर जेवायला वाढते. चहा देते. सेलचं नाव मात्र तिनं त्या संध्याकाळनंतर कोणाजवळ काढलेलं नाही.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात मावशी आतल्या खोलीत कपाटाशी गेली. डबी काढली, मऊ ब्रशनं मशीनं पुसली, काकांचं भिंग लावून तपासली. रोजचंच आहे, दादा म्हणाला.

ती डबी बंद करणार…

तेवढ्यात शीळ आली. मीही ऐकली.

मावशी डबीवर वाकली. जन्मभर काकांशी घसा फोडून बोललेली बाई. पण आता ती अगदी हळू बोलली. चांगलं ऐकू येणाऱ्या माणसाशी बोलतात तसं.

"राहू द्या असंच अजून थोडे दिवस. एवढ्यात नका सोडू त्याला."

दादा माझ्याकडे वळला. माझ्या ओठांकडे बघत त्यानं विचारलं, "आत्ता काय म्हणाली गं आई?"

मला शब्द न् शब्द ऐकू आला होता.

"काही नाही," मी म्हणाले.

थोड्या वेळानं मी निघाले. तिसऱ्या मजल्यावरून पार खाली गल्लीत येईपर्यंत मला माझ्या चपलांचा आवाज आला नाही.